मोटारीच्या रंगाचे टवके : घरच्या घरी करावयाची दुरुस्ती

नवी मोटार घेतल्यावर पहिल्या वर्षभरात तिच्या मालकाला जो पहिला धक्का बसतो, तो बहुधा फार लहान असतो. बॉनेटच्या पुढच्या कडेवर, बाजूच्या आरशाच्या पाठीवर किंवा चाकामागच्या पत्र्यावर एके दिवशी मोहरीच्या दाण्याएवढा ठिपका दिसतो. फडक्याने पुसला तरी तो जात नाही, आणि मग ध्यानात येते की तेथील रंगाचा टवका उडालेला आहे. पुष्कळजण त्याकडे काणाडोळा करतात. काहीजण मात्र लगेच गॅरेज गाठतात आणि त्या एका ठिपक्यापायी अख्खे बॉनेट रंगवून घेतात. माझ्या मते दोन्ही टोके टाळण्याजोगी आहेत. लहान टवका सुटीच्या दोन-तीन सकाळी आणि काही शे रुपये खर्चून घरीच समाधानकारकपणे बुजवता येतो. त्यासाठी कसबी हातापेक्षा सबुरीचा स्वभाव अधिक उपयोगी पडतो.

सध्या माझी नेमणूक ओरगडम येथे आहे आणि या विषयाचे दर्शन येथे रोज घडते. चेन्नईच्या नैऋत्येस, श्रीपेरुंबुदूरहून सिंगपेरुमाळ कोइलकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले कांचीपुरम जिल्ह्यातील हे गाव एकेकाळी शेती आणि तळ्यांचे होते. २०१० साली येथे रेनो-निसानचा मोटारींचा कारखाना सुरू झाला. (त्यातील निसानचा हिस्सा २०२५ मध्ये रेनोने आपल्याकडे घेतला.) २०१२ साली डेमलरच्या भारतबेंझ मालमोटारींचा आणि २०१३ साली रॉयल एन्फिल्डच्या मोटारसायकलींचा कारखाना आला. वाहनांच्या चाचण्या घेणारे केंद्र सरकारचे ग्लोबल ऑटोमोटिव्ह रिसर्च सेंटरही येथेच आहे. पिंपरी-चिंचवड, चाकण, नाशिक येथून बदलीवर आलेली मराठी कुटुंबे या परिसरात आता अपूर्वाईची राहिलेली नाहीत. येथील कारखान्यांत धुळीचा कणही येऊ नये अशा बंदिस्त दालनांत यंत्रमानव मोटारींना रंग देतात, आणि फाटकाबाहेर पडताच त्याच मोटारी खडीने भरलेल्या टिपरच्या मागे लागतात! या जिल्ह्यात दगडाच्या खाणी आणि खडीची यंत्रे बरीच आहेत. खडीला येथे ‘जल्ली’ म्हणतात. तमिळ भाषेतील मी प्रथम शिकलेल्या शब्दांपैकी हा एक. चाकण-तळेगाव रस्त्यावरून रोज ये-जा करणाऱ्या वाचकांना वेगळे वर्णन करून सांगण्याची गरज नाही.

टवका उडण्यामागचे गणित सोपे आहे. उडालेल्या खड्याचा आघात सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग दुप्पट झाला की आघात चौपट. म्हणून शहरातल्या संथ रहदारीत सहसा टवके उडत नाहीत, ते उडतात महामार्गावर, आणि तेही पुढच्या वाहनाला चिकटून चालणाऱ्याच्या गाडीचे. ज्या खांबाशेजारून पुढचे वाहन गेले त्याच खांबापाशी पोहोचायला आपल्याला किमान तीन सेकंद लागावेत इतके अंतर ठेवले, तर ब्रेकच्या दृष्टीने सुरक्षितता मिळतेच आणि पुष्कळशी खडी आपल्यापर्यंत पोहोचण्याआधीच खाली बसते.

आता ज्या रंगाची दुरुस्ती करावयाची तो मुळात काय असतो हे पाहू. पत्र्यावरचा रंग एकच थर असतो असा आपला समज असतो. प्रत्यक्षात तेथे चार थर असतात. सांगाडा तयार झाला की तो धुऊन त्याच्यावर फॉस्फेटची प्रक्रिया करतात आणि मग संपूर्ण सांगाडाच एका प्रचंड टाकीतील पातळ प्रायमरमध्ये बुडवतात. त्या द्रवातून वीजप्रवाह सोडला की प्रायमरचे कण पत्र्याकडे ओढले जातात आणि जेथे हात किंवा फवारा पोहोचणार नाही अशा पोकळ कोपऱ्यांतही चिकटून बसतात. ही पद्धत १९६० च्या दशकात अमेरिकेत फोर्ड कंपनीने प्रचारात आणली. हा थर सुमारे २० मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग. सांगाडा भट्टीतून १६० ते १८० अंश सेल्सिअसला भाजून निघाला की गंजाविरुद्धची खरी भिंत उभी राहते. तिच्यावर ३०-३५ मायक्रॉनचा दुसरा प्रायमर, त्यावर जेमतेम १५-२० मायक्रॉनचा प्रत्यक्ष रंग, आणि सर्वांत वर ४० मायक्रॉनच्या आसपास जाडीचा पारदर्शक क्लिअर कोट. सारे मिळून होतात साधारण १०० ते १२० मायक्रॉन. साध्या छपाईच्या कागदाची जाडी एवढीच असते. आपण ज्या रंगावर भाळून गाडी निवडतो, तो या कागदाचाही पाचवा-सहावा हिस्सा!

पूर्वी असे नव्हते. हेन्री फोर्डच्या प्रसिद्ध ‘मॉडेल टी’ मोटारी १९१४ ते १९२५ या काळात केवळ काळ्या रंगात मिळत. लवकर वाळणारे टिकाऊ रंग ड्यू पाँट कंपनीच्या ‘ड्यूको’ या नायट्रोसेल्युलोज लॅकरमुळे १९२३-२४ पासून मोटारींवर आले. आपल्याकडचे जुने रंगारी आजही फर्निचरच्या गुळगुळीत रंगालाही ‘ड्यूको’ म्हणतात ते या नावावरूनच. एक गंमत अशी, की बायका नखांना लावतात ते नेलपॉलिशही मुळात नायट्रोसेल्युलोजचेच. म्हणूनच जुळत्या रंगाचे नेलपॉलिश लावून टवका बुजवण्याचा सल्ला अनेक घरांतून मिळतो. तात्पुरती झाक म्हणून ते चालते. मात्र उन्हात ते लवकर फिकटते आणि खपलीसारखे निघून येते, तेव्हा त्याच्या भरवशावर पावसाळा काढू नये.

टवका किती खोल गेला आहे यावर सारे अवलंबून असते. वरचा क्लिअर कोटच सोलवटला असेल तर दिसायला वाईट, पण धोका नाही. आतला राखाडी किंवा पिवळट प्रायमर दिसत असेल तर भिंत अजून शाबूत आहे. दुरुस्तीला सवड आहे. चकचकीत पत्रा दिसू लागला, की मात्र दिवस मोजायला हवेत. लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू एकत्र आले की गंज सुरू होतो आणि मीठ त्या क्रियेला वेग देते, कारण खाऱ्या पाण्यातून वीजवहन सुलभ होते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असते. त्यामुळे तो जागेवर थांबत नाही, शेजारचा चांगला रंग खालून उचलत पसरत जातो. मोहरीएवढ्या टवक्याभोवती काही महिन्यांनी रंगाला फुगा येतो तो यामुळेच. ओरगडम समुद्रापासून बरेच आत असले तरी येथील अनेकांची सुटी महाबलीपुरमकडे जाणाऱ्या ईस्ट कोस्ट रोडवर जाते, आणि शहरातील बऱ्याच भागांत गाड्या धुतात त्या बोअरच्या पाण्यालाही खारट चव असते. रत्नागिरी-मालवणच्या वाचकांना तर खाऱ्या वाऱ्याची करामत घराच्या खिडकीच्या गजांवरूनच ठाऊक आहे. आजकालच्या बऱ्याच गाड्यांच्या पत्र्याला जस्ताचा मुलामा असतो व जस्त आधी स्वतः झिजून लोखंडाला वाचवते. परंतु प्रत्येक गाडीच्या प्रत्येक भागाला तो असेलच असे नाही.

घरी कोणते काम हाती घ्यावे याची मर्यादा मी अशी मानतो: टवका हरभऱ्याच्या डाळीपेक्षा लहान असावा, पत्रा चेपलेला नसावा आणि कडेचा रंग फुगलेला नसावा. फुगा आला असेल तर खालचा गंज दिसतो त्याहून बराच पसरलेला असतो, आणि तो घासून पुट्टी (आपले रंगारी जिला लांबी म्हणतात ती) भरून रंगवणे हे डेंटिंग-पेंटिंगवाल्याचेच काम. बंपर बहुधा प्लास्टिकचा असतो. तो गंजत नाही, त्यामुळे तेथील टवक्यासाठी घाई करण्याचे कारण नाही. मात्र उघड्या प्लास्टिकला प्रायमर वेगळा लागतो.

साहित्यापैकी सर्वांत महत्त्वाचा असतो रंगाचा सांकेतिक क्रमांक. ‘पांढरा’ किंवा ‘सिल्व्हर’ एवढे सांगून दुकानातून रंग आणणे म्हणजे ‘साडी द्या, निळी’ असे सांगण्यासारखे आहे. हा क्रमांक बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवरील अथवा बॉनेटखालील पट्टीवर छापलेला असतो. तो दाखवून कंपनीच्या सुट्या भागांच्या दुकानातून टचअपची छोटी बाटली किंवा पेन घ्यावे. पुष्कळदा त्याच्या जोडीला क्लिअर कोटची बाटली मिळते. याखेरीज धातूसाठीचा प्रायमर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, लाकडी टूथपिक, मास्किंग टेप, २००० आणि २५०० नंबरचे वॉटर पेपर, रबिंग कंपाउंड आणि मऊ सुती फडके एवढे पुरे. टोपणाला लावलेला ब्रश शक्यतो वापरू नये. तो टवक्याच्या मानाने फारच जाड असतो आणि घरगुती दुरुस्ती बटबटीत दिसण्याचे मुख्य कारण तोच असतो.

प्रथम गाडी शाम्पूने धुऊन पूर्ण कोरडी करावी. मग टवक्यावर मास्किंग टेपचा तुकडा दाबून बसवून झटक्याने ओढावा. कडेचा जो रंग सुटण्याच्या बेतात आहे तो टेपबरोबर निघून येतो. तो तसाच ठेवून वर नवा रंग लावला तर दोन्ही एकदमच पडतात. गंजाचा तांबूस ठिपका दिसत असेल तर सुईच्या टोकाने किंवा आगकाडीला चिकटवलेल्या बारीक पॉलिश पेपरने तो हलक्या हाताने खरवडावा, पत्रा स्वच्छ चमकेपर्यंत. या टप्प्यावर कंटाळा करू नये, कारण गंजावर कितीही सुंदर रंग चढवला तरी त्याचे आयुष्य एका पावसाळ्याचे. खरवडल्यानंतर अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या फडक्याने जागा पुसावी, म्हणजे मेण, तेल आणि बोटांचा घाम निघून जातो. या कामासाठी पेट्रोल वापरण्याची सवय आपल्याकडे फार आहे. ते धोक्याचे तर आहेच, शिवाय मागे तेलकट अंश ठेवते आणि त्यावर रंग धरत नाही.

पत्रा उघडा असेल तरच प्रायमर लावावा, तोही टूथपिकच्या टोकावर मावेल तेवढा. तो फक्त खळग्याच्या तळाशी बसला पाहिजे, कडेच्या चांगल्या रंगावर चढता कामा नये. बाटलीवर सांगितलेल्या वेळेइतके थांबून मग रंगाकडे वळावे. बाटली निदान दोन मिनिटे खळखळून हलवावी; धातूची चमक असलेल्या रंगांत अॅल्युमिनियमचे कण तळाशी बसलेले असतात आणि ते मिसळले नाहीत तर रंग गडद व निर्जीव दिसतो. पहिला थेंब पुठ्ठ्यावर टाकून वाळू द्यावा आणि गाडीशेजारी धरून दिवसाच्या उजेडात पाहावा. ओला रंग आणि वाळलेला रंग यांत फरक पडतो. छटा पसंत पडली की टूथपिकच्या टोकाला बारीकसा थेंब घेऊन खळग्याच्या मध्यभागी फक्त टेकवावा. तो आपोआप कडेपर्यंत पसरतो. पसरवण्यासाठी टोक फिरवू नये.

वाळताना त्यातील द्रावक उडून जाते आणि थर आक्रसतो, म्हणून एकाच जाड थेंबाने खळगा भरण्याचा प्रयत्न फसतो: वर साय धरते आणि आत ओलावा राहतो. अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतराने तीन किंवा चार पातळ थर द्यावेत आणि रंगाची पातळी आजूबाजूच्या पृष्ठभागापेक्षा किंचित खालीच ठेवावी. उरलेली जागा क्लिअर कोटची. तो मात्र केसभर वर आलेला चालेल. काही जुन्या गाड्यांचा साधा पांढरा किंवा लाल रंग एकथरी असतो. त्यांना वेगळ्या क्लिअर कोटची गरज नसते.

यानंतर किमान आठवडाभर तेथे हात लावू नये. मग पेन्सिलच्या मागच्या खोडरबराला २००० नंबरचा वॉटर पेपर गोल कापून चिकटवावा, साबणाच्या पाण्यात बुडवावा आणि केवळ त्या उंचवट्यावर हळुवार फिरवावा. उंचवटा आजूबाजूला मिळत आला की २५०० नंबरचा कागद, आणि शेवटी फडक्यावर चिमूटभर रबिंग कंपाउंड. येथे एक इशारा द्यायला हवा. मूळ क्लिअर कोट ४० मायक्रॉनच्या आसपासचा आहे हे वर सांगितलेच. जोर लावून घासल्यास तो पाहता पाहता संपतो आणि टवका बुजवता बुजवता तळहाताएवढा डाग पदरात पडतो. ज्यांना या घासकामाचा धीर नसेल त्यांनी उंचवटा तसाच ठेवावा. गंजापासून संरक्षण तेवढेच मिळते, आणि चार पावलांवरून तो कोणाला दिसतही नाही. गाडीला मेणाचे पॉलिश करावयाचे तर त्या जागेपुरते महिनाभर थांबावे.

हवामानाकडे लक्ष देणे आवश्यक आहे. द्रावक उडून जाताना पृष्ठभाग थंड करते. हवा दमट असेल तर त्या थंड पृष्ठभागावर बाष्प जमते आणि रंगावर दुधाळ सावट येते. चेन्नईला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी काळात पडतो, म्हणून येथे फेब्रुवारी-मार्च हे महिने या कामाला उत्तम. महाराष्ट्रात दसऱ्यानंतर होळीपर्यंत केव्हाही. दव सुकल्यानंतर, पण पत्रा तापण्यापूर्वी, सावलीत काम करावे. उन्हात तापलेल्या बॉनेटवर थेंब पसरण्याआधीच सुकतो. जागा मोकळ्या हवेची असावी, जवळपास विस्तव किंवा सिगारेट नसावी, मुलांना दूर ठेवावे आणि उरलेले थिनर गटारात ओतू नये.

छटा तंतोतंत जुळेल ही अपेक्षा मात्र ठेवू नये. साधा पांढरा, काळा हे रंग चांगले जुळतात. सिल्व्हरमध्ये कारखान्यातील फवाऱ्याने धातूचे कण जसे आडवे बसतात तसे थेंबाने बसत नाहीत, त्यामुळे एका बाजूने दुरुस्ती दिसत नाही आणि दुसऱ्या बाजूने दिसते. मोत्याची झाक असलेल्या पांढऱ्या रंगाला तीन वेगळे थर लागतात. तेथे गंज थांबला यातच समाधान मानावे. हाताचे कसब कोठवर जाऊ शकते हे पाहावयाचे असेल तर रॉयल एन्फिल्डच्या काही मोटारसायकलींच्या टाकीवरील रेघा पाहाव्यात. यंत्रयुगातही त्या चेन्नईत कारागीर ब्रशने ओढत आले आहेत.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि येथे बँकेतील माणसाला थोडे बोलण्याचा अधिकार असावा. मूळचे चिंचवडचे एक अभियंते मागे आमच्या शाखेत आले असता म्हणाले, “साहेब, बॉनेटवर चार टवके आहेत. सर्वसमावेशक विमा आहेच, तर सरळ दावा करून बॉनेट रंगवून घेतो.” आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. समजा, रंगकामाचे एकत्रित बिल ५,००० रुपये झाले. सर्वसाधारण पॉलिसीत अशा बिलाचा २५ टक्के भाग रंगसाहित्याचा धरून त्यावर ५० टक्के घसारा कापतात, म्हणजे ६२५ रुपये. १,५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला सक्तीची वजावट १,००० रुपये. हाती येणार ३,३७५ रुपये.

आता दुसरी बाजू. दावा न केल्याबद्दलची सवलत पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग अनुक्रमे २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के होते. ती केवळ स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीच्या हप्त्यावर मिळते. या गृहस्थांची सवलत ५० टक्क्यांवर पोहोचली होती. एक दावा केला की पुढील नूतनीकरणाला ती शून्य होणार आणि पुन्हा त्याच पायऱ्या चढाव्या लागणार. पाच वर्षांत गमावलेली सवलत म्हणजे ५०, ३०, २५, १५ आणि ५, एकूण १२५ टक्के. मूळ हप्ता ८,००० रुपये धरला तर हे १०,००० रुपये होतात. गाडीची विमित किंमत दरवर्षी उतरत असल्याने प्रत्यक्ष आकडा यापेक्षा कमी भरेल. तरीही ३,३७५ रुपयांसाठी हा सौदा तोट्याचाच. घसारामुक्त किंवा सवलत-संरक्षणाचे जादा कलम घेतले असल्यास हिशेब बदलतो, म्हणून दाव्यापूर्वी आपली पॉलिसी काढून पाहावी. आणखी एक गोष्ट अशी, की वापराने होणारी झीज विम्यात धरली जात नाही. टवक्याकडे वर्षभर दुर्लक्ष करून पत्रा गंजला तर तो खर्च पूर्णतः आपल्या खिशातून जातो.

गाडी विकतानाही हा विषय पुन्हा डोके वर काढतो. जुन्या गाड्या घेणारे व्यावसायिक आता रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र बरोबर आणतात. कारखान्याचा रंग १००-१२० मायक्रॉन दाखवतो; पुन्हा रंगवलेला भाग त्याहून बराच अधिक दाखवतो, आणि मग ‘गाडी ठोकलेली आहे का?’ ही चौकशी सुरू होते. कारण केवळ चार टवके होते हे त्या वेळी पटवून देणे अवघड जाते. टूथपिकने बुजवलेले ठिपके असलेले मूळ रंगाचे बॉनेट अशा वेळी नव्याने रंगवलेल्या झगझगीत बॉनेटपेक्षा अधिक भाव मिळवते. गाडी कर्जावर घेतली असेल तर कर्ज फिटल्यावर बँकेचे ना हरकत पत्र घेऊन नोंदणी पुस्तकावरील बोजा वेळीच उतरवून घ्यावा, म्हणजे विक्रीच्या वेळी तेही निमित्त उरत नाही.

येथे आयुधपूजेच्या दिवशी प्रत्येक वाहनाला हळद-कुंकवाचे ठसठशीत ठिपके लावतात आणि चाकाखाली लिंबे चिरडतात, आपल्याकडच्या दसऱ्यासारखेच. दुसऱ्या दिवशी ते ठिपके स्वच्छ पाण्याने धुऊन काढावेत, विशेषतः बॉनेटवरचे, कारण उघड्या टवक्यात हळदीचा डाग मुरतो. धुताना सबंध पत्र्यावरून बोट फिरवून नवे टवके शोधण्यास ही उत्तम संधी आहे. टचअपची उरलेली बाटली बंद करण्यापूर्वी तिच्या तोंडावरील आट्यांना लागलेला रंग पुसून घ्यावा, नाहीतर टोपण कायमचे चिकटते. बाटलीवर खरेदीची तारीख लिहून ती थंड जागी उभी ठेवावी.